मोठी आई आणि माझी शाल

खाणीच्या साहेबाच्या जुन्या बंगल्यात शिरल्यावर सगळ्यांनी आधी माना वर करून छत पाहिलं. मग खिडक्यांच्या रंगीत काचा, मग भिंतीतली ती विलायती शेकोटी. मोठ्या आईनं यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. बंगला दाखवायला आलेल्या सेल्वीअम्माचा दंड धरून तिनं विचारलं, "चूल कुठंय?" सेल्वीअम्माला मराठी येत नव्हतं आणि मोठ्या आईला मराठीखेरीज काहीच येत नव्हतं. तरी दोघी हसत हसत मागच्या दाराकडे निघाल्या आणि तिकिटं काढून आलेली बाकीची मंडळीही त्यांच्या मागोमाग गेली. बैठकीत उरले मी एकटी. आणि खाणीची सगळी माहिती मोबाईलवर वाचून, पाठ करून कोण आलं होतं? तर मी!

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. नाशिकला मखमलाबादेत आमचं एकत्र घर. मागे गुलाबाचा आणि भाजीचा मळा, पुढे रस्त्याला लागून खोल्या. ती निफाडकडची, द्राक्षवाल्यांची लेक. मी शहरातली, नोकरीवाली. तोंडावर मी तिला 'ताई' म्हणायची, अहो-जाहो करायची. मनात मात्र लग्नापासून अगं-तुगंच. इथे मी मनातलंच लिहिणार आहे, कारण तोंडावरचं जे होतं ते ती ऐकून गेली. 'मोठी आई' हे नाव माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या तोंडचं. आमच्याकडे थोरल्या काकूला पोरं असंच म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण विचार करा, मूल माझं, कळा मी सोसल्या, आणि मोठी कोण, तर ती!

कुणाच्याही घरी गेली की ती थेट स्वयंपाकघरात जायची. चपला काढल्या, घरच्या म्हाताऱ्यांना नमस्कार केला की निघाली. "बैठक पाव्हण्यासाठी असती गं शैला. घर पाह्यचं तर चूल पाह्यची," असं ती मला ऐकवायची. एकदा माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं गंगापूर रोडला नवा फ्लॅट घेतला म्हणून आम्ही दोघी बघायला गेलो. मी सोफ्यावर बसून पडद्यांचं कौतुक करत होते. ही आत. बराच वेळ झाला तरी दोघी बाहेर येईनात म्हणून डोकावले, तर माझी मैत्रीण ओट्याला टेकून हुंदके देत होती आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नवऱ्याचं काहीतरी होतं. इतकी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाला बसणारी बाई, माझ्यापाशी एका शब्दानं बोलली नव्हती. परत येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले होते. तिनं विचारलं, "काय गं, पोटात दुखतंय का?" दुखतच होतं, पण ते तिला कसं सांगणार?

बरं, तिला सगळं कळायचं असंही नाही हं. बाईला धड घड्याळ कळायचं नाही. सिनेमातला व्हिलन शेवटपर्यंत हीरोचा भाऊच आहे असं समजून बसायची. त्या बंगल्यातल्या शेकोटीकडे परत येताना तिची नजर गेली, तेव्हा तिनं छातीठोकपणे सांगितलं की साहेबाच्या आंघोळीचं पाणी यावर तापत असणार, फक्त हंडा चोरीला गेलाय. एक चष्मेवाले गृहस्थ हसून हसून लाल झाले आणि त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. हेच मी म्हटलं असतं तर? लोकांनी अडाणी म्हटलं असतं. तिनं म्हटलं की गोड. मला ते कधीच जमलं नाही आणि त्याचा मला राग येतो, अजूनही येतो.

पल्लवी झाली तेव्हा माझी रजा संपली आणि मी लुनावर बसून ऑफिसला जायला लागले. घरी कोण? मोठी आई. तिला स्वतःचं मूल झालं नाही, तेव्हा तिची कूस काय आणि मांडी काय, पोर दिवसभर तिथंच. पल्लवीचा पहिला दात तिला वाटीवर वाजवून कळला. पहिलं पाऊल मळ्यात, गुलाबाच्या वाफ्यात पडलं, तेही तिच्यासमोर. मी संध्याकाळी घरी आले की मला बातम्या मिळायच्या. आज हिनं असं केलं, आज ही असं बोलली. शिळ्या भाकरीसारख्या त्या बातम्या मी गोड मानून खायची. रविवारी मी मुद्दाम पल्लवीला मांडीवर घेऊन गवारीची भाजी भरवायची. ती दोन घास खायची आणि म्हणायची, "मोठ्या आईच्या भाजीत गूळ असतो." पुढच्या रविवारी मी गूळ घातला. तर म्हणाली, "एवढा नसतो." कपाळ माझं!

पुढे पल्लवी आर्किटेक्ट झाली, तिचं लग्न झालं. लहानपणी मीच तिला रंगपेटी आणून दिली होती, ऑफिसातले पाठकोरे कागद आणून चित्रं काढायला बसवलं होतं, त्यामुळे यात थोडं श्रेय माझं आहे असा माझा समज होता. जुनी घरं जतन करणाऱ्या एका संस्थेत तिला काम मिळालं आणि ती दक्षिणेकडे सोन्याच्या खाणींच्या एका जुन्या गावात राहायला गेली. खाणी कधीच बंद पडलेल्या. साहेबांचे बंगले, कारकुनांची घरं, खाणकामगारांच्या खोल्यांच्या ओळी, सगळं डागडुजी करून लोकांना बघायला खुलं करायचं होतं. तिनं आम्हाला फोनवर सांगितलं, "मुलाखतीत विचारलं की घरांची आवड कुठून आली. मी म्हटलं, माझ्या मोठ्या आईनं मला घर बघायला शिकवलं." फोन स्पीकरवर होता. मोठी आई भाकरी थापता थापता नुसती हसली. मी उठून गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेले. ते ओलेच होते.

तिचं काम पुरं झालं तेव्हा फोन आला. "आई, बघायला ये ना!" मी आनंदानं फुलले. आणि लगेच पुढचं वाक्य. "येताना मोठ्या आईला घेऊन ये." म्हणजे मी काय, पोचवायला?

रेल्वेत मोठ्या आईजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत तिचे कपडे, दुसरीत नारळ, कांदे, माहेरचे बेदाणे आणि गुळाच्या ढेपेचा तुकडा. मी म्हटलं, "ताई, कांदे कशाला? तिथं काय कांदे मिळत नाहीत?" ती म्हणाली, "लोकांची घरं पाह्यला चाललोय ना? रिकाम्या हातानं जायचं व्हय?" मी तिला समजावलं की ती घरं रिकामी आहेत, तिथं माणूस राहत नाही, नुसतं बघायचं असतं. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "माणूस नसलं म्हणून काय झालं? घर हाय ना?" आणि खरोखर, प्रत्येक घरात तिनं चुलीपाशी मूठभर बेदाणे ठेवले. सेल्वीअम्मा ते मागून उचलून पदरात बांधत होती. दोघींचं छान चाललं होतं.

त्या सकाळी एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली होती. गाव उंचावर, हवेत गारठा. पल्लवीनं कपाटातून एक शाल काढली, मऊ, डाळिंबी रंगाची, आणि माझ्या खांद्यावर घातली. "आई, ही तुझ्यासाठी घेऊन ठेवली होती." मोठ्या आईसाठी काही घेतलेलं नव्हतं. मी दोन वेळा विचारून खात्री केली. नव्हतंच. मग मी ती शाल उन्हं वर आली, घाम फुटायला लागला, तरी उतरवली नाही. मोठी आई म्हणाली, "उकडत नाय का गं?" मी म्हटलं, "छे! उलट छान वाटतंय."

बंगला झाला, कारकुनाचं घर झालं. बंगल्याचं स्वयंपाकघर अंगण ओलांडून पलीकडे होतं. ते पाहून मोठी आई हळहळली, "एवढं मोठं घर, आन् रांधणारी बाई उन्हात. वाढेपर्यंत निवत असंल की सगळं." शेवटी आम्ही खाणकामगाराच्या खोलीत आलो. एकच खोली, तिच्यात चूल, कोपऱ्यात पाटा-वरवंटा, खुंटीला मातकट शर्ट, आणि आढ्याला जुन्या साडीची झोळी टांगलेली, तान्ह्या बाळाची. सगळं जसंच्या तसं मांडलेलं आणि पुढे दोर बांधलेला, कुणी आत जाऊ नये म्हणून. मोठी आई दाराशीच थांबली. "आपलाच पाटा-वरवंटा की गं," ती म्हणाली. पल्लवी बाहेर कुणाशी बोलत उभी होती.

तेवढ्यात आमच्यातल्या एकानं व्हिडिओ काढायला म्हणून दोरावरून हात लांबवला आणि झोळीला झोका दिला. झोळी हलायला लागली. रिकामी झोळी. मोठी आई किंचाळलीच, "अहो दादा! रिकामा पाळणा हलवू नाय!" तो बावरला, त्याला कळेना झालं तरी काय. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की रिकामा पाळणा हलवला की कुठल्यातरी बाळाला बाधतं. सेल्वीअम्मालाही ते ठाऊक असावं, कारण तिनंही "अय्यो!" करून तोंडावर हात ठेवला होता. मोठ्या आईनं साडीचा ओचा खोचला, दोर ओलांडला आणि आत गेली. झोळी हातानं थांबवली. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. इकडेतिकडे पाहिलं, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि माझ्याकडे हात केला, "आण गं ती शाल."

"माझी शाल?" मी म्हटलं.

"आण म्हणती ना!"

आणि दिली मी! त्या आवाजाला नाही म्हणायची मला सवयच नव्हती. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा न्हाऊमाखू घालून, कुंची घालून पाळण्यात निजवतात, तसा तिनं तो काळा दगड माझ्या डाळिंबी शालीत गुंडाळला. वर टोपीसारखी घडी काढली, झोळीत निजवला आणि हलकेच दोन झोके दिले. सेल्वीअम्मा दोराच्या अलीकडून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती.

खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता. आता पल्लवी येईल, मांडलेलं सगळं विस्कटलेलं बघेल आणि मोठ्या आईला बोलेल. निदान एकदा, माझ्यासमोर. 'मोठी आई, असं करायचं नसतं गं, हे माझं काम आहे,' एवढं जरी म्हणाली असती तरी मला पुरलं असतं. पल्लवी आली. झोळीकडे पाहिलं, दोराच्या पलीकडे उभ्या मोठ्या आईकडे पाहिलं. आणि तिचे डोळे भरून आले.

मोठी आई म्हणाली, "पोटुशी बाई तू. आन् रिकामी झोळी टांगून ठेवती व्हय?"

पोटुशी! पल्लवी मान हलवत होती, रडत होती, हसत होती. "कालच कळलं गं. आज रात्री जेवताना तुम्हाला दोघींना सांगणार होते. तुला कुणी सांगितलं?" मोठी आई म्हणाली, "सांगायला कशाला पाह्यजे? सकाळी चहाच्या वासानं तोंड फिरवलंस." सकाळी मीही तिथंच होते. मी शालीचा पोत बघत होते.

पल्लवी दोराजवळ आली आणि आपल्या माणसांना म्हणाली, "हे असंच राहू द्या. वरवंटा झोळीतच राहील." मी हळूच विचारलं, "आणि शाल?" ती म्हणाली, "आई, शालपण राहू दे ना. किती छान दिसतंय!" झालं. लेकीनं मला एकटीला दिलेली एकुलती एक वस्तू, तीही गेली प्रदर्शनात.

संध्याकाळी पल्लवीच्या घराच्या व्हरांड्यात आम्ही दोघीच बसलो होतो. मोठी आई कांदे सोलत होती, नाशिकहून आणलेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "ताई, एक तरी गोष्ट मला आधी कळू द्यायची होती. दात तुम्हाला दिसला. पाऊल तुम्हाला दिसलं. हीसुद्धा तुम्हालाच आधी कळायची होती?" इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बोलले होते.

तिनं सुरी खाली ठेवली नाही. कांदा कापत कापतच म्हणाली, "तुझी लुना आठवती का?"

"लुनाचं काय इथं?"

"कोपऱ्यावर फटफटली की पोर माझ्या मांडीवरून उठायची. घास तोंडात असू दे, गोष्ट अर्धी असू दे, डोळ्यात झोप असू दे. आई आली म्हणायची आन् पळायची. एकबी दिवस मागं वळून नाय पाह्यलं तिनं." तिनं नाक ओढलं, कांद्यानं असेल. "लय राग यायचा मला त्या लुनाचा. वाटायचं, एकदा पंक्चर तरी व्हावी मेली."

ती पुढे म्हणाली, "तुला वाटतं मी तुझी पोर घेतली. अगं, रोज संध्याकाळी परत द्यावी लागायची मला." मग उठली आणि फोडणी टाकायला आत गेली. मी तिच्या मागे गेले. पहिल्यांदाच मी कुणाच्या घरी बैठकीत न थांबता थेट स्वयंपाकघरात गेले होते.

पल्लवीचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी ठरलं. मोठ्या आईनं डिंक आणून ठेवला, बाळंतविड्याच्या खारका फोडल्या, दुपटी शिवली. आणि पल्लवी नाशिकला यायच्या आधीच ती गेली. सकाळी मळ्यात गुलाब खुडताना बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. पल्लवीला त्या दिवसांत प्रवासाची मनाई होती, तिला शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. फोनवर ती एवढंच विचारत राहिली, "आई, तू जवळ होतीस ना? तू होतीस ना गं?" मी होते. मोठ्या आईचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. या एका बाबतीत मी पल्लवीच्या आधी होते, आणि तो मान मला नको होता.

नात झाली. बारशाला वरवंटा मी न्हाऊ घातला. पाळण्यात निजवायला गुंडाळायचं कशात, म्हणून शोधाशोध करत होते, तर पल्लवीनं बॅगेतून डाळिंबी शाल काढली. "तिथं दुसरी ठेवली. ही तुझी आहे." शालीला दगडाचा आणि धुळीचा वास येत होता. मी ती धुवायची म्हणून बाजूला ठेवली नाही.

आता पल्लवीला नाशिकमध्येच काम मिळालंय. मी निवृत्त झालेली. नात दिवसभर माझ्यापाशी असते. तिचा पहिला दात मला वाटीवर वाजवून कळला. गवारीच्या भाजीत गूळ किती घालायचा ते मला आता बरोबर जमतं आणि ती वाटी चाटूनपुसून खाते. काल संध्याकाळी मी तिला मोठ्या आईची गोष्ट सांगत होते, दोर ओलांडून झोळीत वरवंटा निजवल्याची. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मी अगदी रंगात आले होते, "मग मोठी आई म्हणाली, आण गं ती..."

कोपऱ्यावर पल्लवीची स्कूटी वाजली.

नात मांडीवरून उठली. "आई!" म्हणाली आणि पळत सुटली. मागे वळून बघेल म्हणून मी वाट पाहिली. नाही पाहिलं. दारात पल्लवी तिचे मुके घेत म्हणत होती, "आज काय काय केलं माझ्या बाळानं?" मी आतून एकेक बातमी सांगत होते आणि पल्लवी ऐकत होती. मला माझ्याच लेकीचा हेवा वाटत होता. त्याहून मोठा हेवा मोठ्या आईचा वाटला. हे सगळं तिनं किती वर्षं सोसलं, आणि वरून रोज मला हसत बातम्या दिल्या.

आतल्या खोलीत नातीनं पळताना धक्का दिलेला पाळणा अजून हलत होता. मी जाऊन तो थांबवला. शाल घेतली, वरवंटा तिच्यात गुंडाळला आणि आत ठेवला.

"दिली हो परत, ताई," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला गेले.